रॅम्पवरचा सीझन आणि आपली लग्नसराई: यंदा काय घालताय, काय लावताय?

गोदाकाठची (नांदेड)

फेब्रुवारी लागला की रात्री जेवणं उरकून, ओटा पुसून झाला की फोन घेऊन फॅशन शो बघत बसायचं हे माझं गेल्या पाच-सहा वर्षांचं ठरलेलं आहे. आधी न्यूयॉर्क, मग लंडन, मग मिलान आणि शेवटी पॅरिस, महिनाभर हाच क्रम. आता जे दाखवतात ते येत्या हिवाळ्याचं आणि मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दाखवलं ते या उन्हाळ्याचं, कारण शो बघून दुकानवाले ऑर्डर देणार, मग माल शिवून तयार होणार, त्यात पाच-सहा महिने जातातच. आपल्या लॅक्मे फॅशन वीकचेही वर्षात दोनच हंगाम, आधी त्यांची नावं समर-रिसॉर्ट आणि विंटर-फेस्टिव्ह अशी होती, पण तिथं निदान सणवार डोळ्यापुढं ठेवलेले असतात.

बघायला मला मनापासून आवडतं. पण दरवर्षी एकाच जागी येऊन अडते. पॅरिसचा उन्हाळा म्हणजे आपली दिवाळीनंतरची हवा. त्यांच्या उन्हाळी कपड्यात जाकीट असतं, बंद बूट असतात, आणि चेहऱ्यावर ते ओलं ओलं चमकणारं फिनिश. आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त, मांडवात ४२-४३ डिग्री, कूलरसमोर पाहुण्यांची गर्दी आणि त्यात काठापदराची साडी. आपले सीझनच वेगळे आहेत हो. संक्रांत, लग्नसराई, पंचमी, महालक्ष्म्या, दसरा-दिवाळी आणि माझ्या माहेरी लातूरकडं येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. आता बघा, तिकडं हिवाळ्यात रॅम्पभर काळा रंग असतो, आपल्याकडं काळी चंद्रकळा नेसायचा दिवस एकच, संक्रांतीचा, आणि त्या दिवशी ती जशी शोभते तशी वर्षभरात कधी शोभत नाही.

म्हणून हा धागा. रॅम्पवरचं असं काय आहे जे तुमच्या कपाटात खरंच टिकलं? आणि मेकअपमध्ये असं काय सापडलं जे आपल्या उन्हात टिकलं? दोन्ही सांगा, जोडून सांगा, कारण मला वाटतं आपण दोन्ही वेगवेगळं घेतो आणि मग आरशात काहीतरी बिनसतं.

माझ्यापासून सुरुवात. २०२५ च्या उन्हाळ्यात सगळीकडं बटर यलो होता. मला तो लोण्यासारखा फिक्का पिवळा इतका आवडला की कुर्ता शिवून घेतला, आणि घातल्यावर माझा गव्हाळ चेहरा आजारी माणसासारखा दिसायला लागला. दोन महिने तो तसाच पडून होता. मग एकदा आईची डाळिंबी इरकल काढली आणि त्या कुर्त्याचं कापड उसवून ब्लाऊज शिवला. मान आणि गालाजवळ इरकलचा गडद पदर, लोणी रंग फक्त बाह्यांवर. एकदम जमून आलं! ओठाला विटकरी तपकिरी, मेबलिनची सुपरस्टे मॅट इंक, शेड ॲमेझोनियन. सकाळी आठला लावली ती पंगतीत जेवून, आंब्याचा रस खाऊनही तशीच होती. तेव्हापासून माझा नियम, रॅम्पवरचा फिक्का रंग चेहऱ्यापासून हातभर लांब ठेवायचा आणि ओठ गडद करायचे.

मोसंबी (जालना)

ताई अगदी वेळेवर धागा काढला. माझ्या नणंदेचं लग्न २६ एप्रिलला आहे, मुहूर्त दुपारचाच. मी करवली. हळदीसाठी काय रंग घेऊ? सगळ्याजणी पिवळं घालणार आहेत, मला वेगळं घालायचंय. आणि गेल्या मे महिन्यात माझ्या पर्समधल्या दोन लिपस्टिकवर पाण्यासारखे थेंब आले होते, त्या खराब झाल्या म्हणून टाकून दिल्या, तसं करायला हवं होतं का?

आरसा (परभणी)

मोसंबी, थेंबावरून लिपस्टिक टाकायची नाही गं. लिपस्टिकमध्ये मेण आणि तेल एकत्र बांधलेलं असतं, उन्हानं मेण सैल पडलं की तेल बाहेर येतं, ते पाणी नव्हे. टिश्यूनं अलगद टिपायचं, झाकण लावून उभी ठेवायची फ्रीजच्या दारात, तासाभरात पहिल्यासारखी. वास बदलला, जुन्या तेलासारखा खवट यायला लागला तर मात्र द्या फेकून. आणि पर्स स्कूटीच्या डिक्कीत ठेवून बाजारात जाऊ नका, डिक्की म्हणजे भट्टी असते.

मी आठ वर्षं झाली नवरीचा मेकअप करतेय, परभणी, सेलू, मानवत, जिंतूर सगळीकडं जाते. रॅम्पवरच्या मेकअपबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण दर सीझनला नवऱ्या फोटो घेऊन येतात.

जानेवारी २०२४ मध्ये पॅरिसला पुलाखाली मेझॉन मार्जेला या फॅशन ब्रँडचा शो झाला, डिझायनर जॉन गॅलियानोचा. त्यात मुलींचे चेहरे चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे होते, काचेसारखी त्वचा. मेकअप पॅट मॅकग्रा या मेकअप आर्टिस्टचा. सगळं जग कोड्यात पडलं की हे केलं कसं, आणि नंतर तिनं स्वतःच करून दाखवलं, बाजारात मिळणारे सोलून काढायचे पील-ऑफ मास्क डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून एअरब्रशनं थरावर थर मारले आणि प्रत्येक थर ड्रायरनं वाळवला. वर्षभरानं तिनं त्यावरून स्वतःचं प्रॉडक्टही काढलं. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेल, इतकं सुंदर काम आहे ते. पण ते शोपुरतं. तिथं चालायचं, थांबायचं, संपलं. आपली नवरी मुहूर्ताच्या आधी अन्नपूर्णेची पूजा करते, मंगलाष्टकांना उभी राहते, सप्तपदी चालते, होमाच्या धुरात बसते, दोनशे लोकांना वाकून नमस्कार करते आणि शेवटी रडते. तिचा चेहरा दिवसभर हलत असतो.

तरी ते फोटो दाखवतात तेव्हा मी नाही म्हणत नाही, कारण त्यातलं एक घेता येतं, पातळ थर. आधी मीसुद्धा उन्हाळा म्हणून जाड मॅट फाउंडेशन आणि वरून पावडर थापायचे. मुंबईत ते चालतं कारण तिथं घाम चेहऱ्यावर राहतो. आपल्याकडची हवा कोरडी, घाम आला की उडून जातो, त्वचा ओढली जाते आणि तासाभरात हसण्याच्या रेषेत मेकअपला भेगा पडतात, अगदी मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या. हे कळायला मला दोन सीझन गेले. आता मी आधी साधं मॉइश्चरायझर, ते जिरायला दहा मिनिटं, मग सनस्क्रीन, मग फाउंडेशन बोटभर घेऊन ओल्या स्पंजनं थापटते, जिथं डाग तिथंच दुसरा थर. पावडर फक्त नाकाच्या बाजूला, कपाळावर आणि हनुवटीवर. गाल मोकळे सोडते.

आणि चमक हवी असेल तर ती अक्षतांनंतर. हे लिहून ठेवा! आपल्याकडं ज्वारीच्या रंगवलेल्या अक्षता टाकतात ना, त्या ओल्या हायलायटरवर आणि लिप ग्लॉसवर चिकटतात. एका नवरीच्या गालावर लाल-हिरवे दाणे असे बसले होते की काढताना खाली ठिपके राहिले आणि अल्बममध्ये ते अजून दिसतात. त्या दिवसापासून मुहूर्तापर्यंत चेहरा कोरडा, ओठ मॅट, आणि मंगलाष्टकं संपली की गालाच्या हाडावर बोटानं जरासं क्रीम हायलायटर. फोटोत तेच येतं.

कुंकवाचा करंडा (अंबाजोगाई)

आरसाताई, तुमचा तो पातळ थराचा विषय वाचून मला माझी आजी आठवली. तिच्या करंड्यात दोन डब्या असायच्या, एकीत पिंजर आणि एकीत मेण. रोज आंघोळ झाली की आरशासमोर बसायची, अनामिकेनं मेण घासून ते ऊबेनं मऊ करायची, कपाळावर रुपयाएवढं गोल टेकवायची आणि मगच त्याच्यावर कुंकू. रानात दिवसभर काम करून संध्याकाळी आली तरी ते कुंकू रेषभरही हललेलं नसायचं. आता मी मुलीच्या मेकअपच्या पिशवीत प्रायमर बघते आणि तिला सांगते, अगं हे आमच्या घरी कधीपासून होतं. आधी चिकट पाया, मग रंग. मेण नुसतं टिकण्यासाठी नव्हतं, त्यानं कुंकू थेट कातडीला लागत नव्हतं, म्हणून आजीचं कपाळ शेवटपर्यंत साफ राहिलं. माझं मात्र टिकलीच्या गोंदानं काळं पडलंय. आता मी परत मेण आणलंय, योगेश्वरीच्या देवळाबाहेर मिळतं.

मी आता साठीला टेकले पण मला हे सगळं बघायला लई आवडतं. आमच्या वेळेला स्नो आणि पावडर एवढंच. अफगाण स्नो म्हणजे आईच्या लग्नातली चैन, तो १९१९ पासून मिळायचा, आपल्याच देशात बनलेला. आणि लॅक्मे १९५२ ची, टाटांनी काढलेली, ते नाव म्हणजे आपली लक्ष्मीच आहे, एका फ्रेंच ऑपेरातल्या नायिकेचं. हे मला फार उशिरा कळलं आणि मग त्या आयकॉनिक काजळाच्या कांडीकडं बघायची माझी नजरच बदलली. ते काजळ मी अजून लावते, चष्म्याच्या आत पसरत नाही.

काठपदर (पैठण)

आमच्या घरी माग आहे, त्यामुळं रंगाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दरवर्षी डिसेंबरच्या आसपास पँटोन ही रंगांची कंपनी वर्षाचा रंग जाहीर करते आणि मग वर्षभर दुकानात तोच. २०२३ चा व्हिवा मॅजेंटा आला तेव्हा माझी आई म्हणाली हा तर आपला राणी. २०२४ चा पीच फझ म्हणजे आबोली. २०२५ चा मोका मूस म्हणजे दुधाळ कॉफी. आणि २०२६ ला त्यांनी क्लाउड डान्सर काढलाय, म्हणजे पांढरा, जरा मोतिया. रंग कुठून येतो त्यापेक्षा मला नाव महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडं बायका येऊन वांगी, आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, शेवाळी असं सांगतात आणि बाबांच्या हाताला बरोबर तो रेशमाचा गुंडा लागतो. ही नावं विसरू नका, कारण कापडाच्या दुकानात मोका मूस मागितलं तर दहा वेगळे तपकिरी येतील.

पैठणीत धूपछाव असतो, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या. हलली की रंग बदलतो. रॅम्पवर चालताना कापड बदलल्यासारखं दिसावं म्हणून केवढा खटाटोप करतात, आमच्याकडं ते दोन धाग्यांत होतं. नवीन घेणाऱ्यांसाठी एकच सांगतो, पदर उलटा करून बघा. हातमागावर मोर, मुनिया, असावली सगळं धागे एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून मागची बाजूही पुढच्यासारखी नीट दिसते. मशीनच्या सेमी पैठणीत मागं कापलेल्या धाग्यांचं जाळं असतं. सेमी वाईट नाही, तीही नेसा, पण पैसे सेमीचेच द्या.

आणखी एक, जून २०२५ मध्ये पॅरिसला लुई व्हिताँचा पुरुषांचा शो झाला, पाँपिदू सेंटरच्या पुढं. त्याचा सेट म्हणजे जमिनीवर मांडलेली सापशिडी होती, आपल्या स्टुडिओ मुंबईच्या आर्किटेक्ट बिजॉय जैन यांनी केलेली. मी तो बघताना उठून उभा राहिलो. आपल्याकडं मोक्षपटाचं, म्हणजे जुन्या सापशिडीचं श्रेय परंपरेनं ज्ञानेश्वर माउलींना देतात आणि त्यांचं जन्मगाव आपेगाव इथून हाकेच्या अंतरावर, गोदावरीच्याच काठी. आमच्या घरी आजोबांनी कापडावर रंगवलेला मोक्षपट होता, वाळवी लागून गेला. तो असता तर आज त्याचा पदर काढला असता.

सीना (धाराशिव)

सगळं छान आहे पण मला थोडं विरोधात बोलायचंय. त्याच जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये पोरांच्या पायात कोल्हापुरी होत्या आणि लिहिलं होतं नुसतं लेदर सँडल्स. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. इतका आरडाओरडा झाला तेव्हा कुठं त्या कोल्हापुरीवरून घेतल्याचं त्यांनी मान्य केलं. मग आपण त्यांच्याकडं बघून रंग कामून ठरवायचे? माझे मामा चपला शिवायचे, त्यांच्या बोटांना कायम चामड्याचा आणि तेलाचा वास असायचा. त्यांना आयुष्यात कुणी डिझायनर म्हटलं नाही. मला ते शो बघताना चीड येते.

गोदाकाठची (नांदेड)

सीना, तुझी चीड रास्त आहे आणि ती इथं लिहिलीस हे बरं केलंस. मीही त्या वेळी दोन दिवस काही बघितलं नाही. पण श्रेय दिलं तर काय होतं तेही आपण बघितलंय, मार्च २०२३ मध्ये दिओरनं गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तेव्हा भरतकाम करणाऱ्या मुंबईच्या चाणक्य या संस्थेचं नाव सगळीकडं होतं. आणि आपला डिझायनर राहुल मिश्रा २०२० मध्ये पॅरिसच्या कुत्युर वीकमध्ये, म्हणजे हातानं घडवलेल्या खास कपड्यांच्या शोमध्ये गेला, वैशाली शडांगुळे २०२१ मध्ये गेली, ती तर खणाचं कापड घेऊन काम करते. आपल्या चोळीचा खण! मी बघते ते एवढ्यासाठी की आपल्याकडं काय आहे ते मला तिकडचं बघून जास्त कळतं. तुझ्या मामांनी शिवलेली जोडी आहे का अजून? असेल तर फोटो टाक.

सीना (धाराशिव)

आहे. आईकडं आहे, कापडात गुंडाळून. गावी गेले की टाकते.

हॉस्टेल बारा (छत्रपती संभाजीनगर)

मी इथं शिकायला आहे, मूळची कंधारची. मला दोन गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये शनेलचा शो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्टेशनात झाला आणि तो उघडला भविता मंडवानं, म्हणजे सगळ्यात पहिली तीच चालत आली, आपल्या हैदराबादची पोरगी. शनेलचा शो उघडणारी पहिली भारतीय. अंगात जीन्स आणि साधं वाटणारं स्वेटर. आम्ही रूमवर सहाजणींनी एका फोनवर बघितलं आणि दोघी रडल्या. तिचा रंग आमच्यासारखा सावळा आहे. मला लहानपणापासून प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारलंय की अगं काही लावत जा की चेहऱ्याला. आमच्या पिढीत तरी ते थांबावं.

दुसरं म्हणजे फाउंडेशन. कंधारला एका दुकानात मला तीन शेड फिक्कं दिलं होतं, म्हणाले यानं उजळ दिसाल, आणि गॅदरिंगच्या फोटोत माझा चेहरा राखाडी आला, मान वेगळी, चेहरा वेगळा. इथं आल्यावर मैत्रिणीनं शिकवलं, हातावर बघायचं नाही, जबड्याच्या रेषेवर तीन पट्टे ओढायचे, दुकानाबाहेर उन्हात येऊन बघायचे आणि पंधरा मिनिटं बाजारात फिरून परत बघायचे, कारण काही फाउंडेशन हवा लागून गडद होतात. औरंगपुऱ्यापासून गुलमंडीपर्यंत चालत जाऊन आलो आणि जो पट्टा दिसेनासा झाला तो माझा, मेबलिन फिट मीचा ३३० टॉफी. पहिल्यांदा मला फोटोत मी दिसले. बाकी माझं बजेट कमी आहे, काजळ, एक लिपस्टिक आणि सनस्क्रीन. लिपस्टिकच गालाला आणि पापणीलाही लावते, बोटानं. त्यानं सगळा चेहरा एका रंगात येतो आणि वेगळं ब्लश घ्यावं लागत नाही.

आरसा (परभणी)

हॉस्टेल बारा, तुझी पोस्ट मी माझ्या दोन्ही असिस्टंट मुलींना वाचून दाखवली. त्या राखाडी फोटोचं अजून एक कारण असू शकतं, पांढरी पावडर. काही पावडरी आणि सनस्क्रीनमधले पांढरे कण फ्लॅश पडला की चमकतात आणि डोळ्याला न दिसणारा पांढरेपणा फोटोत दिसतो. लग्नाला जाण्याआधी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश टाकून एक सेल्फी काढून बघायचा.

गोळ्या-औषधं (बीड)

माझं मेडिकल आहे, मेकअपमधलं फार कळत नाही पण हा धागा बायको वाचते म्हणून मीही वाचायलोय आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. लग्न ठरलं की पोरी दुकानात येऊन ट्यूब मागतात, महिनाभरात गोरं करणारी, कुणीतरी नाव सांगितलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं तिन्हीचं मिश्रण असतं. ते वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे दिवस लावायचं औषध आहे. रोज क्रीमसारखं लावलं की आधी चेहरा एकदम उजळ आणि गुळगुळीत होतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसतात, ओठावर केस येतात आणि बंद केली की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये सरकारनं स्टेरॉइडची अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. मी देत नाही, भांडून जातात, तरी देत नाही. आमच्याच नात्यातल्या एका पोरीचं लग्न झालं तेव्हा ती फोटोत सुंदर दिसली आणि पुढचे आठ महिने उन्हात निघू शकली नाही.

आणि आठवडी बाजारात डबीत मिळणारी बिननावाची क्रीमं घेऊ नका. त्यात पारा असतो कधी कधी. कायद्यानं कॉस्मेटिकमध्ये पारा घालता येत नाही. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर, बॅच आणि तारीख नसेल तर ती घ्यायचीच नाही. पाठीमागं उघड्या बरणीचं छोटं चित्र असतं, त्यात १२एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांतच बदला, डोळ्याला लागतो तो.

सुईदोरा (लातूर)

मी गंजगोलाईत शिंपीकाम करतो. गोलाईला सोळा रस्ते येतात आणि सोळाही रस्त्यांनी बायका फोनमधले फोटो घेऊन येतात, त्यामुळं पॅरिसला काय चाललंय ते मला दुकानात बसून कळतं. फोटो आला की आठवड्याभरात सुरतेचा माल त्याच रंगाचा बाजारात असतो.

गेल्या दोन वर्षांत बॅरल पँट लई आल्या, मांडीला फुगीर आणि घोट्याला बारीक. म्हाताऱ्या बाया बघून म्हणतात हा तर सुरवार. खरं आहे त्यांचं. मी त्या सुती कापडात शिवून देतो, घेर ठेवून, हवा खेळते, त्यामुळं उन्हात जीन्सपेक्षा बऱ्या. पण कॉर्सेट ब्लाऊज उन्हाळ्यात शिवायला मी मनाई करतो. त्यात प्लास्टिकच्या पट्ट्या घालाव्या लागतात, अस्तराचे दोन थर, आणि वरून नेटचं पॉलिस्टर. गेल्या वैशाखात एका ताईनं हट्टानं शिवून नेला, मांडवात चक्कर येऊन पडली. तेव्हापासून मी तोच आकार देतो पण पट्ट्या न घालता, पुढून चार कळ्यांचं कटिंग, अस्तर मलमलचं, आणि मागं हुकाऐवजी दोऱ्या म्हणजे जेवल्यावर सैल करता येतं. फोटोत फरक कळत नाही. आणि जरीचा काठ काखेत आणू नका, घामानं जर काळी पडते, काठ बाहीच्या टोकाला घ्या.

हळदीचं विचारणाऱ्या ताईला: पांढरं घ्या, मोतिया. सगळ्या पिवळ्यात ते उठून दिसतं आणि हळद त्याच्यावर फुलासारखी दिसते. कापड सुती घ्या. डाग पडला तर घाबरून साबण लावू नका, साबणानं हळद लाल होते. नुसत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळत घाला. आपलं ऊन तेवढं तरी कामाला येतं, दोन-तीन दिवसांत पिवळा डाग फिका पडून जातो.

कयाधू (हिंगोली)

मेकअप लावायचं सगळ्यांनी सांगितलं, काढायचं कुणी सांगत नाही. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे थर बसतात. फेसवॉशनं दोनदा धुतलं तरी चेहरा ओढतो आणि काजळ तसंच. मे महिन्यात तर टँकर आला तरच पाणी, तेव्हा चेहऱ्यावर तीन तांबे ओतायला जीव होत नाही. मी काय करते, खोबरेल तेल तळहातावर कोमट करून कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर चोळते, डोळे मिटून पापण्यांवर पण, सगळं काळं-लाल वितळतं, मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याचा तुकडा ओला करून पिळून पुसते, आणि शेवटी फिल्टरच्या पाण्याचा एक तांब्या आणि थोडा फेसवॉश. ज्यांना तेलानं पुटकुळ्या येतात त्यांनी मायसेलर वॉटर आणि कापूस घ्यावा. लग्नाहून रात्री दोनला आलो तरी हे केल्याशिवाय झोपत नाही.

आणि सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा भरून, एवढं चेहरा-मानेला लागतंच. एसपीएफ ३० आणि ५० मध्ये फरक एका टक्क्याचा, ९७ आणि ९८, पण सगळेजण कमी लावतो म्हणून मी ५० घेते. खरा फरक दोन-तीन तासांनी परत लावण्यात आहे. मी शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत लावते, आता स्टाफरूममधल्या चौघी माझ्यासोबत लावतात.

कुंकवाचा करंडा (अंबाजोगाई)

सुईदोरा भाऊ, ते मोतियाचं मनात भरलं. आमच्याकडं पुढच्या महिन्यात पुतण्याची हळद आहे, आम्ही जावा-जावा पाचजणी पांढऱ्या सुती इरकलच नेसणार आता, काठ मात्र प्रत्येकीचा वेगळा.

मोसंबी (जालना)

सगळ्यांचे मनापासून आभार, मी वही काढून लिहून घेतलं. काल रविवारी घरी सगळं करून बघितलं, बारा ते तीन गच्चीवर कपडे वाळत घालायचं, पापड उलटायचं काम काढून. आरसाताईंनी सांगितलं तसं पातळ थर, गाल मोकळे. जबड्यावर पट्टे ओढून शेड घेतली, ३१० निघाली, मी इतके दिवस दोन शेड फिक्कं वापरत होते. कपाळावर मेण लावून कुंकू लावलं. तीन वाजता आरशात बघितलं, नाकाच्या शेंड्यावरचं गेलं होतं आणि वरच्या ओठावर थोडं, बाकी जसंच्या तसं, आणि कुंकू तर जागचं हललं नाही. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, मलाही मेण आण.

मुठभर ज्वारी पण अंगावर टाकून घेतली नणंदेकडून. चार दाणे मानेला चिकटले, तिथं सनस्क्रीन जास्त झालं होतं. चेहऱ्यावर एकही नाही.

साडी अजून ठरली नाही. सासूबाईंची जुनी पैठणी आहे, वांगी रंगाची, पदर उलटून बघितला, दोन्ही बाजूंनी सारखा आहे. पण घडीवर विरलीय, नेसली तर फाटेल अशी भीती वाटते.

काठपदर (पैठण)

घडी घालू नका परत तिथंच. ज्या घडीवर विरलीय तो भाग निऱ्यांच्या आत जातोय का पदरात येतोय ते आधी बघा आणि लिहा. आत जात असेल तर मागून त्याच रंगाच्या मलमलची पट्टी लावून देता येते, टाके रेशमाच्याच धाग्याचे हवेत, सुती धागा रेशीम कापतो. जड साडी आहे, तोवर तिला टांगून ठेवू नका, आडवी, सुती कापडात गुंडाळून ठेवा. जालन्याहून इकडं येणं होत असेल तर घेऊनच या, बाबा बघतील.

मोसंबी (जालना)

निऱ्यांच्या आत जातंय! आत्ताच नेसून बघितली. येत्या शनिवारी येतो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी.